पूजेत मांडलेल्या सात पिना

संपादकांनी फोनवर सांगितलं, "फौजी माणूस आहात, विमानांच्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं हवं असतं." मी हो म्हणालो आणि चार दिवस कोऱ्या कागदासमोर बसून राहिलो. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण माझ्याजवळची सगळ्यात मोठी गंमत आठवली की अजून माझ्या तळहातांना घाम फुटतो. तरी तीच लिहितो, कारण ती टाळून दुसरं काही लिहिलं तर मला स्वतःचीच लाज वाटेल.

मी बीडजवळच्या पालीचा. बिंदुसरेच्या धरणाजवळ आमचं घर. हवाई दलात चोवीस वर्षं विमानांच्या अंगाची कामं केली. अंगाची म्हणजे पत्रा, रिव्हेट, चाकं, काच, पंखांचे हलणारे भाग. इंजिनाचा माणूस वेगळा, वायरिंगचा वेगळा. वैमानिक ज्या खुर्चीवर बसतो तिचाही माणूस वेगळा, कारण लढाऊ विमानातली खुर्ची साधी नसते. विमान पडायला लागलं की वैमानिक एक दांडा ओढतो, खुर्चीतली काडतुसं पेटतात आणि खुर्ची माणसासकट आभाळात फेकली जाते. म्हणून तिला शस्त्र विभागाचेच लोक हात लावतात. डोळ्यांचा डॉक्टर दाढ काढत नाही, तसंच हे.

आमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना कळत नाही. कोणतंही काम एक जण करतो आणि दुसरा तपासतो, मग दोघं सही करतात. त्या सहीचा अर्थ 'काम झालं' एवढाच नसतो, 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' असा असतो. संध्याकाळी पेटीतला एक पान्हा कमी भरला तर विमान जागेवरून हलत नाही, मग समोर कितीही मोठा अधिकारी आरडाओरडा करत असो. या शिस्तीचा मला भारी अभिमान होता. बायको म्हणायची, "घरातले चमचे तरी मोजू नका." मी तेही मोजायचो.

निवृत्तीनंतर गावी आलो तेव्हा पिंपरमाळाच्या धावपट्टीवर विमानांचं संग्रहालय करायचं ठरत होतं. ही पट्टी महायुद्धाच्या काळातली. निजामाचं राज्य होतं, तेव्हा माळ सपाट करून घाईघाईनं काँक्रीट ओतलं. विमानं उतरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुढे लढाई संपली, निजामही गेला आणि पट्टी गावाला उरली. गावानं तिचं चीज केलं. तूर, उडीद, सोयाबीन वाळवायला अशी सपाट जागा सगळ्या पंचक्रोशीत नाही. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे तिच्यावर पळतात आणि ट्रॅक्टर शिकणारे ट्रॅक्टर शिकतात. आता ते सगळं एका कडेला सारून दुसऱ्या कडेला हँगर उभारायचा होता आणि त्यात एक खरंखुरं लढाऊ विमान ठेवायचं होतं. समितीला विमानाचं कळणारा माणूस हवा होता. सगळ्या तालुक्यात तो मी एकटाच होतो.

विमान आणायला मी दूरच्या एका बंद पडलेल्या तंत्रशाळेत गेलो. तिथे ते विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ठेवलेलं होतं. पंख उतरवले, धड ट्रेलरवर चढवलं. क्रेनवाला घाई करत होता, त्याला दुसरीकडे जायचं होतं. तेवढ्यात तिथल्या राखणदारानं कागद पुढे केले. त्यांत एक छापील फॉर्म होता: 'आसनातील सर्व स्फोटके काढलेली आहेत. प्रत्यक्ष पाहून खात्री केली.' खाली दोन सह्यांच्या जागा होत्या. एकीवर कुणाची तरी जुनी, फिकट सही होती. दुसरी जागा रिकामी होती.

मी म्हणालो, "हे माझं काम नाही, शस्त्र विभागाचा माणूस लागतो."

राखणदार म्हणाला, "इतकी वर्षं पोरं बसतायत तिच्यावर, काय झालं का? सही करा, गेटपास देतो."

क्रेनवाल्यानं हॉर्न वाजवला. मी सही केली. चोवीस वर्षांत जे केलं नाही, ते एका मिनिटात करून मोकळा झालो.

विमान पिंपरमाळावर आलं तेव्हा आसपासची चार गावं बघायला लोटली. एकानं विचारलं, "ॲव्हरेज किती देतं?" एक निवृत्त तहसीलदार आत वाकून हॉर्नचं बटण शोधत होते. एका शेतकऱ्याला त्यानं कपाशीवर फवारणी होईल का हे जाणून घ्यायचं होतं. मी सगळ्यांना हसून उत्तरं देत होतो आणि डोळा सारखा त्या खुर्चीकडे जात होता. तिसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या ओळखीतून सुरक्षा पिनांचा एक संच मागवला. या पिना म्हणजे बोटभर लांबीच्या लोखंडी खिळ्या, प्रत्येकीला लाल फीत. त्या खुर्चीच्या ठरावीक भोकांत घातल्या की दांडा कितीही ओढला तरी काही होत नाही. माझ्या विमानाला अशा सात पिना लागत होत्या. त्या मी स्वतः घातल्या.

भानुदास मिस्त्री शेजारी उभे होते. माजलगावकडच्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. वेल्डिंग असं करायचे की जोड शोधून सापडू नये. त्यांनी विचारलं, "सायेब, खुर्ची तर रिकामी हाय म्हनला. मंग ह्या खिळ्या कावून?"

खरं उत्तर होतं, 'मी पाहिलेलं नाही म्हणून.' ते माझ्या तोंडून निघेना. सही केलेल्या माणसानं मिस्त्रीसमोर ते कसं बोलायचं? मी म्हणालो, "सवय हो मिस्त्री. पण एक लक्षात ठेवा. या अख्ख्या विमानात या सात पिनांइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. यांना जिवापाड जपायचं."

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांनी माझा शब्द पाळला, हेच पुढचं सगळं दुखणं आहे.

शस्त्र विभागाची माणसं मागवणारं पत्र मी लिहून ठेवलं होतं. पाठवलं मात्र नाही, कारण पाठवलं की पहिला प्रश्न आला असता, मग फॉर्मवर सही कशी केली? आज पाठवू, उद्या पाठवू करत तीन महिने गेले. या तीन महिन्यांत मी रोज सकाळी हँगर उघडला की आधी शिडीवर चढून सात लाल फिती मोजायचो आणि मग चहा घ्यायचो.

आता आबांविषयी सांगायला हवं. पिंपरमाळचे आबा नव्वदीच्या घरातले. फेटा, पांढऱ्या टोकदार मिशा, हातात बाभळीची काठी. पट्टीखाली गेलेली जमीन त्यांच्या वडिलांची. लहानपणी त्यांनी ती जाताना पाहिली होती. ते रोज हँगरवर यायचे आणि मालकाच्या थाटात विचारायचे, "माज्या रानात काय चाललंय?" त्यांची एकच मागणी होती, विमानात बसायची. "ज्याच्यापायी आमचं रान गेलं, त्यात येकदा बसू तर दे फौजी." मी म्हणायचो, उद्घाटनानंतर. ते म्हणायचे, "तवर मी ऱ्हातो व्हय?" त्यांना नाही म्हणताना मला फार वाईट वाटायचं आणि कारणही सांगता यायचं नाही.

खंडेनवमी आली. वर्कशॉपमधल्या माणसांसाठी हा दिवस दसऱ्याहून मोठा. सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडूची फुलं वाहायची. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही आणि एकदा पूजेत मांडलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. आमचं घर बौद्ध, आमच्यात ही पूजा नाही. हवाई दलातसुद्धा त्या दिवशी मी हँगरच्या बाहेरची ड्युटी मागून घ्यायचो. कुणी मला प्रसादाला बोलवायचं की नाही अशा पेचात पडू नये आणि माझ्यासाठी कुणी काही आखडतं घेऊ नये, म्हणून. इथेही मी मिस्त्रींना म्हणालो, "तुमचं तुम्ही निवांत करा, मी आज घरी." दुसऱ्या दिवशी विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. मी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत बसलो होतो.

दुपारी मोबाईलवर फोटो आला. पाठवला होता सुनीतानं. ही संग्रहालयाची नोंदवही सांभाळायची आणि आलेल्या लोकांना माहिती सांगायची. खाली लिहिलं होतं, 'सर, पूजा एकदम भारी झाली. आबा पण खूश.' फोटोत विमानाच्या नाकाला झेंडूचं तोरण, पुढच्या टोकदार नळीला लिंबू-मिरची. खाली पाट. पाटावर पान्हे, पकडी, ग्राइंडर, वेल्डिंगची पकड. आणि सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागी, पंख्यासारख्या पसरून ठेवलेल्या लाल फिती. मी फोटो बोटांनी मोठा केला. मोजलं. सात. प्रत्येक पिनेला हळद-कुंकवाचा ठिपका होता.

मग 'आबा पण खूश' याचा अर्थ डोक्यात शिरला.

सुनीताला फोन लावला, उचलला नाही. मिस्त्रींचा बंद. पुन्हा सुनीता, पुन्हा नाही. इस्त्री तशीच शर्टावर राहिली. बायको ओरडली, "अहो, जळतंय!" तोवर मी मोटारसायकलला किक मारली होती. पालीहून पिंपरमाळ तासाभराचा रस्ता. बीडमध्ये दसऱ्याची गर्दी, ऊस, आपट्याच्या फांद्या, फुलांचे ढीग, रस्त्यावर ठिय्या दिलेले विक्रेते. मी प्रत्येक चौकात थांबून फोन लावत होतो आणि प्रत्येक वेळी तीच बाई मला नंतर प्रयत्न करायला सांगत होती. मी मोठ्यानं बोलत होतो, "आबा, बसू नका. आबा, बसू नका." सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला.

पट्टीवर पोचलो तर तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीन वाळत घातलेलं. मी गाडी तशीच आत घातली. काँक्रीटवर सुटे दाणे, चाक लगेच घसरलं आणि मी गाडीसकट आडवा झालो. एक म्हातारी हातात खराटा घेऊन धावली, "डोळं फुटले का रं? माजं सोयाबीन!" मी उठलो, गाडी तिथेच टाकली आणि पळत सुटलो. गुडघ्यातून रक्त येत होतं, ते नंतर कळलं.

हँगरमध्ये पंधरा-वीस माणसं होती, पेढे वाटणं चालू होतं. विमानाला शिडी लावलेली. वर कॉकपिटमध्ये आबांचा फेटा दिसत होता.

मी शिडी चढलो. आबा खुर्चीत ताठ बसले होते. या विमानात तो दांडा दोन्ही मांड्यांच्या मधोमध असतो, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. आबांनी त्यावर दोन्ही हात ठेवले होते, एकावर एक, ओट्यावर बसून काठीवर ठेवतात तसे.

"आलास व्हय फौजी?" आबा म्हणाले. "तू न्हवतास म्हनून बसलो, मंग उतरूच वाटंना. लई बेस हाय बग. काठी धरायची सोय बी केलीया ह्यांनी."

"होय आबा," मी म्हणालो.

"बरं, झालं आता बसून. उतरू दे. लगवीला जायचंय मला." आणि त्यांनी त्या दांड्यावर पकड घट्ट केली. म्हातारी माणसं काठीला ओढ घेऊन उठतात, तशी त्यांनी तयारी केली.

ओरडलो असतो तर ते दचकले असते. हात धरला असता तर झटापट झाली असती. काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "आबा, थांबा, फोटो राहिला. मिशांना पीळ द्या, दोन्ही हातांनी. तसा फोटो पाहिजे."

आबांचा चेहरा फुलला. दोन्ही हात दांड्यावरून सुटले आणि मिशांवर गेले. मी खाली ओरडलो, "सुनीता, फोटो काढ. थांबू नकोस, काढत राहा." मग मिस्त्रींना हाक मारली, "त्या सात पिना द्या. लगेच."

मिस्त्री शिडीखाली आले. सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाले, "सायेब, पूजेतलं हत्यार आज उचलत न्हाईत. उद्या देतो की."

मी शिडीवरून वाकलो, त्यांच्या कानाशी गेलो. "मिस्त्री, खुर्चीत काडतूस असू शकतं."

"तुमीच म्हनला हुता काढलंय."

"मी पाहिलेलं नाही. न बघता सही केली."

मिस्त्रींनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. वीस वर्षं ज्याच्या हाताखाली काम करावं वाटेल असा माणूस ते मला समजून बसले होते आणि मी असा निघालो, एवढंच होतं. ते वळले, पाटासमोर उभे राहून हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि सातही पिना आपल्या हातानं उचलून मला आणून दिल्या.

पहिली दांड्याची. पिनेला ओलं हळद-कुंकू लागलेलं, बोटांतून निसटत होती. शर्टाला पुसली. भोक दिसत होतं, पण पिन दोनदा कडेला लागली. आबा मिशा पिळत बोलत होते. या जागेवर त्यांची विहीर होती, बायका डोक्यावरून खडी वाहायच्या आणि ते स्वतः त्यांना पाणी पाजायचे. मी हूं हूं करत होतो. पहिली पिन बसली. दुसरी, तिसरी. खुर्चीच्या मागच्या दोन पिनांसाठी मला आबांच्या खांद्यावरून आत वाकावं लागलं, त्यांच्या फेट्याला कापूर आणि तंबाखूचा वास येत होता. सातवी बसली. पुन्हा मोजल्या. मग म्हणालो, "आता उठा आबा."

ते दांड्याला ओढ घेऊनच उठले, चांगली जोरात. पिन घट्ट राहिली.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "तू असा पांढराफटक कावून पडलास बे?" मी सांगितलं, गाडीवरून पडलो. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आबा घाईनं हँगरच्या मागे गेले आणि मी तिथेच जमिनीवर बसलो.

दसऱ्यानंतर पत्र पाठवलं, कबुलीसकट. हँगरला रंगकामाच्या नावाखाली कुलूप लावलं. शस्त्र विभागाचे दोघं येईपर्यंत जेवण जात नव्हतं. आले, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. दोन तासांनी त्यांतला मोठा बाहेर आला, हातमोजे काढत म्हणाला, "तीन काडतुसं रिकामी होती. एक भरलेलं." मी विचारलं, इतक्या वर्षांनी पेटलं असतं का? तो म्हणाला, "ते आम्ही सांगत नाही. आम्ही फक्त काढतो."

समितीच्या अध्यक्षांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता काढलंय ना? मग झालं. उद्घाटन तोंडावर आलंय, गावात बोलू नका." मिस्त्री कुणाकडे काही बोलले नाहीत. माझ्याशीही कामापुरतंच बोलू लागले. मला वाटलं होतं, धोका टळला की जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. रोज आबा यायचे, भिंतीवर लावलेला मिशा पिळतानाचा तो फोटो लोकांना दाखवायचे, आणि मी दुसरीकडे बघायचो.

शेवटी एका सकाळी त्या फॉर्मची प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. आबा बाजेवर बसून बशीतून चहा पीत होते. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"म्हंजी मी काठी समजून धरलं व्हतं, ते?"

"होय आबा."

"वडलं असतं तर?"

"कदाचित काहीच झालं नसतं. किंवा तुम्ही छताला जाऊन आदळला असता."

आबा खोकेपर्यंत हसले. "नव्वदीत इमानाबिगर उडालो असतो की!" मग त्यांनी बशी खाली ठेवली. "त्या कागदावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली.'

"खाली कुनाची सही हाय?"

"माझी."

"बगितलं व्हतंस?"

"नाही."

आबा अंगणाकडे वळले. मग बोलले ते माझ्याकडे न बघता. "लढाई चालू व्हती तवा येक सायब कागद घिऊन आलता. लढाई सरली की रान माघारी भेटंल म्हनला. बापानं अंगठा दिला. त्या कागदावर लिवलं व्हतं की ह्यो मानूस राजीखुशीनं कायमचं रान देतोय. म्या मोठा झालो, कागद वाचून घेतला, आन बाप जित्ता हाय तवर त्याला तोंडावर बोल लावला. न बगता अंगठा कसा दिला म्हनून."

मी फॉर्मची घडी घातली.

"आता वाटतं, त्याला वाचता येत न्हवतं," आबा म्हणाले. "तुला येत व्हतं, फौजी."